कोल्हापूरची आठ अक्षरे : लांब इंग्रजी शब्दांच्या शोधाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

शाळा उघडण्यापूर्वी या वर्षीच्या इंग्रजी भित्तिपत्रकाचा आराखडा ठरवून टाकला. दर पंधरवड्याला जिल्ह्यातील एखादे गाव, नदी, तलाव किंवा वस्तू घ्यायची, तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग फळ्यावर मांडायचे आणि त्यातील सर्व अक्षरे पोटात घेणारा जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द मुलांनी शोधायचा, असे त्याचे स्वरूप राहील. अक्षरांचा क्रम कोणताही चालेल आणि मध्ये इतर अक्षरे कितीही आली तरी हरकत नाही. मात्र विशेषनामे, जोडरेघेचे शब्द आणि मध्ये जागा सोडून लिहिलेले शब्द बाद. शब्द कोणत्या तरी छापील कोशात दाखवता आला पाहिजे, ही शेवटची अट मुद्दाम घातली आहे. ती नसेल तर नववीची मुले दोन शब्द एकमेकांना चिकटवून तिसरा तयार केल्याशिवाय राहणार नाहीत.

पहिले नाव अर्थातच कोल्हापूर. के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर : अक्षरे आठ, आठही वेगळी, एकही दोनदा आलेले नाही. शेजारच्या साताऱ्याच्या स्पेलिंगमध्ये सहापैकी तीन ‘ए’च आहेत, त्या मानाने आपल्या गावाचे नाव या खेळाला फारच सोयीचे, असे आज तरी वाटते आहे.

६ जून

शोधाला बसण्याआधी शब्दयादी कोणती घ्यायची हे ठरवावे लागते, कारण ‘सर्वांत लांब शब्द’ हे उत्तर खरे तर यादीचे असते, भाषेचे नसते. युनिक्स पद्धतीच्या अनेक संगणकांत सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची एक फाइल असते. ती १९३४ साली निघालेल्या वेब्स्टर कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून केलेली आहे. आकाराने ती भारदस्त दिसते, पण तिच्यात विशेषनामे आहेत, अनेकवचने फारशी नाहीत आणि १९३४ नंतर जन्मलेला एकही शब्द नाही. शब्दखेळांसाठी तयार झालेली आणि कोणालाही मोकळेपणाने वापरता येणारी ‘एनेबल’ ही यादी सुमारे १ लाख ७३ हजार शब्दांची आहे. तिच्यात अनेकवचने आणि क्रियापदांची रूपे आहेत, विशेषनामे नाहीत. स्क्रॅबलसाठी कॉलिन्सची २०१९ ची यादी २ लाख ७९ हजार ४९६ शब्दांची आहे, पण तिच्यातील शब्द १५ अक्षरांच्या पुढे जात नाहीत, कारण स्क्रॅबलचा पटच १५ घरे रुंद आणि १५ घरे उंच असतो. लांब शब्दांच्या शोधाला ती म्हणूनच अपुरी.

सध्या लॅपटॉपमधील स्पेलिंग तपासणीबरोबर आलेली लहान यादी घेऊन सुरुवात करतो आहे. मुलांनी पाहिलेले किंवा निदान पाहता येण्यासारखे शब्द तिच्यात आहेत. मोठ्या याद्या पडताळणीसाठी राखून ठेवतो.

९ जून

पहिली पद्धत सर्वांत साधी. ‘ग्रेप’ ही आज्ञा फाइलमधील हव्या त्या ओळी वेचून देते. ‘के’ असलेल्या ओळी वेचायच्या, त्यातून ‘ओ’ असलेल्या, त्यातून ‘एल’ असलेल्या, अशा आठ चाळण्या एकापुढे एक लावायच्या. अंतिम उत्तर चाळण्यांच्या क्रमावर अवलंबून नसते, पण काम किती पडेल ते असते, म्हणून दुर्मीळ अक्षर सर्वांत आधी घ्यावे.

दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ, हा प्रश्न येथे उभा राहतो. इंग्रजी मजकुरातील अक्षरांच्या वारंवारतेची जी कोष्टके सर्वत्र छापलेली असतात, त्यात ‘एच’ सुमारे ६ टक्क्यांवर म्हणजे बऱ्यापैकी वर असतो. पण त्याचे मोठे श्रेय ‘द’, ‘दॅट’, ‘ही’, ‘हिज’, ‘विथ’ या पावलोपावली येणाऱ्या चिमुकल्या शब्दांना जाते. यादीत प्रत्येक शब्द एकदाच येतो, त्यामुळे तेथे ‘एच’चे प्रमाण बरेच उतरते. स्क्रॅबलची रचना करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजली होती खरी, तरी ‘ई’च्या १२ सोंगट्या देताना ‘एच’ला त्यांनी दोनच दिल्या. ‘के’ मात्र दोन्ही हिशेबांत खालीच राहतो. त्याची सोंगटी एकच आहे आणि तिला पाच गुण आहेत. म्हणून पहिली चाळणी ‘के’ची लावली, आणि त्या एका चाळणीतच यादीचा बहुतेक भाग गळून पडला.

१२ जून

आठ चाळण्यांचे उत्तर रिकामे आले. एकही शब्द नाही. नुसते ‘नाही’ कळून भित्तिपत्रक तयार होत नाही. कोणता शब्द किती जवळ आला होता हे कळायला हवे, आणि ते ग्रेप सांगत नाही. म्हणून पायथनमध्ये लहानसा प्रोग्राम लिहिला.

त्याची कल्पना अशी. २६ अक्षरांना २६ बिट (फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदणारी संगणकातील घरे) द्यायचे : ‘ए’ला १, ‘बी’ला २, ‘सी’ला ४, आणि याप्रमाणे प्रत्येक पुढच्या अक्षराला दुप्पट. शब्दात जी अक्षरे असतील त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या शब्दाचा अंक. एखादे अक्षर दोनदा आले तरी ते एकदाच धरायचे. कोल्हापूरसाठी ‘ए’चा १, ‘एच’चे १२८, ‘के’चे १,०२४, ‘एल’चे २,०४८, ‘ओ’चे १६,३८४, ‘पी’चे ३२,७६८, ‘आर’चे १,३१,०७२ आणि ‘यू’चे १०,४८,५७६ मिळून १२,३२,००१ होतात. आता कोणत्याही शब्दाच्या अंकाशी १२,३२,००१ ची बिटवार तुलना केली की कोणते बिट कमी पडले ते लगेच दिसते. एकदा सगळ्या यादीचे अंक काढून ठेवले की पुढचे प्रत्येक गाव म्हणजे फक्त एक नवा अंक. शून्य अक्षरे कमी असलेले शब्द पहिल्या गटात, एक कमी असलेले दुसऱ्यात, दोन कमी असलेले तिसऱ्यात, आणि प्रत्येक गट लांबीच्या उतरत्या क्रमाने, अशी मांडणी केली.

१३ जून

दुसऱ्या गटाकडे पाहिल्यावर या प्रकल्पातला खरा विषय सापडला. ‘ऑटोबायोग्राफिकल’ या १६ अक्षरी शब्दात कोल्हापूरची सात अक्षरे आहेत, ‘के’ नाही. ‘न्यूरोपॅथॉलॉजिकल’ या १७ अक्षरी शब्दातही सातच, आणि नाही तो ‘के’च. नांगराच्या फाळाचा ‘प्लाउशेअर’ अवघा ११ अक्षरांचा, त्यातही सात, आणि पुन्हा ‘के’ बाहेर. एकही अक्षर दुसऱ्यांदा न येणारा म्हणून शब्दप्रेमींत गाजलेला ‘अनकॉपीराइटेबल’ घेतला : १५ अक्षरे, १५ वेगळी, त्यात कोल्हापूरची सात, आणि उरलेले ते एकच.

उलट बाजूने, ज्यात ‘के’ आहे असे नेहमीचे शब्द पाहिले. त्यात सर्वांत उजवा ठरला ‘वर्कमनशिप’. त्याचीही ११ अक्षरे एकमेकांपासून वेगळी, पण कोल्हापूरची सहाच. ‘एल’ आणि ‘यू’ नाहीत. ‘वर्कोहोलिक’मध्ये ‘पी’ आणि ‘यू’ नाहीत. ‘के’ असलेला शब्द लांबीने वाढतच नाही आणि लांब शब्दाला ‘के’ सोसत नाही, असे हे दुहेरी गाऱ्हाणे आहे.

१७ जून

शाळा सुरू झाली. नववीत खेळाचे नियम सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून लगेच सूचना आली, “सर, सगळ्यात लांब शब्दच घ्या की! त्यात सगळी अक्षरं गावतीलच.” सूचना तर्काला धरून होती, म्हणून तास संपेपर्यंत तिच्यावरच काम केले.

इंग्रजी कोशांतील सर्वांत लांब शब्द म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो ४५ अक्षरांचा आहे : ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस’. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या विकाराचे हे नाव १९३५ साली अमेरिकेच्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी, लांब शब्द असावा एवढ्याच हेतूने रचले. म्हणजे मुळात तोही कोड्याचाच शब्द. फळ्यावर तो लिहून मुलांकडून वेगळी अक्षरे मोजून घेतली. ४५ घरांत नऊ ‘ओ’ निघाले आणि वेगळी अक्षरे अवघी १४. नेहमीच्या स्पेलिंगात ‘के’ नाही आणि ‘एच’ही नाही. २९ अक्षरांच्या ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’मध्ये नऊ ‘आय’ आहेत आणि वेगळी अक्षरे ११. कोल्हापूरच्या आठांतील ‘के’ व ‘आर’ त्यात नाहीत. २८ अक्षरांच्या ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ची स्थिती तर आणखी वाईट, त्यात ‘ओ’ आणि ‘यू’ हे स्वरही नाहीत. १५ अक्षरांचा ‘अनकॉपीराइटेबल’ या तिघांनाही मागे टाकतो हे मुलांना चांगलेच पटले. शब्द लांबतो तो प्रत्ययांनी, आणि प्रत्यय तीच ती अक्षरे परत आणतात.

एक गंमत मात्र मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवली. त्या ४५ अक्षरी शब्दाचे शेवटचे पद ‘सी’ऐवजी ‘के’ने लिहिलेलेही आढळते, आणि १९३५ साली वर्तमानपत्रात तो छापून आला तेव्हा ‘के’नेच आला होता. ते स्पेलिंग धरले तर तोच शब्द एका उडीत सात अक्षरांवर येतो आणि फक्त ‘एच’ उरतो.

१९ जून

‘के’च्या या वागण्याचे कारण वर्गात सांगण्याइतके मांडून ठेवतो. लॅटिनमध्ये ‘क’च्या उच्चारासाठी ‘सी’ चालत असे आणि ‘के’ जवळपास अडगळीत पडलेला होता. ग्रीक शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत आले तेव्हा त्यांच्यातील मूळ ‘काप्पा’ अक्षराचाही ‘सी’ झाला : कॉसमॉस, सायकल, क्रायसिस, सगळे ‘सी’चे. इंग्रजीतले लांब शब्द बहुतांशी या लॅटिन-ग्रीक सामानातून बांधलेले असतात. ‘के’ टिकला तो घरच्या, जर्मानिक कुळाच्या शब्दांत : किंग, कीप, बुक, मिल्क, वर्क. हे शब्द अखूड आहेत आणि त्यांना फार तर दुसरा अखूड शब्द जोडता येतो, जसे ‘हाउसकीपिंग’, ‘बुककीपर’, ‘वर्कमनशिप’. म्हणजे एका नावात ‘के’ आणि सात इतर अक्षरे मागणे म्हणजे इंग्रजीच्या दोन वेगळ्या कोठारांतून एकाच वेळी माल मागणे होय.

दोन्ही कोठारांना जोडणारी वाट एकच दिसते. एकोणिसाव्या शतकापासून शास्त्रज्ञांनी ग्रीक धातू थेट उचलून किंवा जर्मनमधून घेऊन जे शब्द घडवले, त्यात ‘काप्पा’चा ‘के’ शाबूत राहिला. रुडॉल्फ फिरखो यांनी १८४७ साली जर्मनमध्ये ‘ल्युकेमी’ हे नाव दिले ते ‘के’ने, त्याच धातूपासून झालेला ‘ल्यूकोसाइट’ मात्र ब्रिटनच्या जुन्या वैद्यकीय पुस्तकांत ‘सी’ने लिहिलेला आढळतो. ‘फार्माकोकिनेटिक्स’ ही संज्ञा १९५३ साली जर्मन बालरोगतज्ज्ञ एफ. एच. डॉस्ट यांनी रूढ केली. तिच्यातही पहिला ‘क’ इंग्रजीत येताना ‘सी’ झाला आणि दुसरा ‘के’ राहिला. १९३४ च्या यादीत हा शब्द असणे शक्यच नाही, हे ६ जूनच्या नोंदीशी जुळते. तेव्हा शोध वैद्यकशास्त्राच्या दारात न्यायचा.

२० जून

छोटी नोंद. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात आपल्या गावाचे स्पेलिंग ‘कोलापोर’ असेही सापडते, आणि इंग्लंडमधील नेमबाजीच्या एका जुन्या चषकाच्या नावात ते अजून टिकून आहे. त्यात ‘एच’ नाही, ‘यू’ नाही आणि शेवटी ‘ई’ आहे. वेगळी अक्षरे सात. ती सातही ‘वर्कप्लेस’ या नऊ अक्षरी, रोजच्या वापरातील शब्दात बसतात. अडचण ‘के’ची खरी, पण ‘एच’ आणि ‘यू’ त्याच्या जोडीला आल्यामुळे ती इतकी वाढते, असा याचा अर्थ.

२२ जून

ग्रंथालयातील वैद्यकीय कोश घेऊन बसलो आणि ‘ल्यूको’, ‘केराटो’, ‘कॅरिओ’, ‘किनेटिक’ ही पदे असलेले शब्द हाताने उतरवून प्रोग्रामला दिले. उत्तरे भराभर येऊ लागली.

‘फार्माकोकिनेटिकली’, १९ अक्षरे : फक्त ‘यू’ नाही. ‘ल्यूकोएन्सेफॅलोपॅथी’, हीसुद्धा १९ : फक्त ‘आर’ नाही. रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्याची प्रक्रिया, ‘ल्यूकाफेरेसिस’, १३ अक्षरे : फक्त ‘ओ’ नाही. मेंदूतील पांढऱ्या भागाच्या विकारांचे नाव ‘ल्यूकोडिस्ट्रोफी’, १४ अक्षरे : फक्त ‘ए’ नाही. प्रत्येक शब्द एकेका अक्षराने अडत होता आणि अडणारे अक्षर दर वेळी निराळे होते. आठवडाभर ‘के’ एकटाच आडवा येत होता, त्यानंतर हे पाहणे फार सुखाचे वाटले.

मग ‘ल्यूकोडिस्ट्रोफी’च्या खालीच तिचा एक पोटप्रकार दिसला. त्याच्या आधी मूत्रपिंडावरील ग्रंथींचे पद लागते, ते ‘ए’ने सुरू होते, आणि उणीव नेमकी ‘ए’चीच होती. ‘अ‍ॅड्रेनोल्यूकोडिस्ट्रोफी’. प्रोग्रामने शून्य उणीव दाखवली, तरी कागदावर घरे आखून एकेक अक्षर लिहून पाहिले. पहिल्या घरात ‘ए’, तिसऱ्यात ‘आर’, सहाव्यात ‘ओ’, सातव्यात ‘एल’, नवव्यात ‘यू’, दहाव्यात ‘के’. त्यानंतर बरीच मोकळी घरे जातात आणि अठराव्यात ‘पी’, एकोणिसाव्यात ‘एच’ येऊन आठांचा मेळ पुरा होतो. विसाव्या घरात ‘वाय’ला शब्द संपतो. वेगळी अक्षरे १४. कोल्हापूरची आठ वजा केली तर डी, ई, एन, वाय, एस, टी एवढीच उरतात. ‘ल्यूको’ हे पद ‘सी’ने लिहिले असते तर हा शब्दही सातवर थांबला असता.

२४ जून

शब्द सापडला, पण तो भिंतीवर लावायचा की नाही, यावर विचार करावा लागला. हा आनुवंशिक आजार आहे, त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि त्याचे तीव्र रूप लहान मुलग्यांत दिसते. आपल्या गावाच्या नावाचे उत्तर म्हणून मुलांनी वर्षभर एका जीवघेण्या आजाराचे नाव घोकावे, हे मला बरे वाटत नाही. दुसऱ्या बाजूने, शाळेतील शास्त्राच्या शिक्षकांचे म्हणणे असे की, आजाराचे नाव घेतल्याने काही बिघडत नाही, उलट दहावीपर्यंत गुणसूत्रांचा धडा येतोच. त्यांचे म्हणणे ऐकले, पण निर्णय माझा ठेवला : भित्तिपत्रकावर प्रश्न ‘आठपैकी सात’ असा राहील, आणि प्रत्येक उत्तरासमोर कोणते अक्षर राहिले ते लिहायचे. आठांचा शब्द जो स्वतः शोधून आणील त्याला तो वर्गात सांगू द्यायचा, आणि आजाराविषयीही चार वाक्ये बोलू द्यायची.

खेळ म्हणून पाहिले तर हा प्रश्न अधिक चांगला आहे, असे माझे मत झाले आहे. ‘आठ’चे उत्तर एकाला सापडले की बाकीच्यांचे काम संपते, ‘सात’ला ‘प्लाउशेअर’ही चालतो आणि ‘ऑटोबायोग्राफिकल’ही.

२६ जून

शाहू जयंती. भित्तिपत्रकासाठी शाहू हे नाव घेतले आणि प्रोग्रामची मर्यादा लगेच समोर आली : स्पेलिंगमध्ये ‘एच’ दोनदा आहे, आणि बिटांच्या हिशेबात दोनदा आलेले अक्षर एकदाच धरले जाते. नियम कडक करून दोन ‘एच’ मागितले तर ‘अनहेल्दिनेस’ मिळतो, त्याहून लांब ‘अनहेल्थफुलनेस’ १५ अक्षरांचा मिळतो. लांबीचा नियम मोडून मी १० अक्षरांचा ‘ऑथरशिप’ निवडला. त्यात एस, ए, यू आणि दोन ‘एच’ नीट बसतात, आणि आजच्या दिवशी शाहू महाराजांच्या नावापुढे अनारोग्य लिहिण्याची माझी तयारी नाही.

१ जुलै

पावसाने जोर धरला आहे, नदीचे पाणी चढते आहे, म्हणून पंचगंगा. पुनरावृत्तीचा प्रश्न तिने पुरताच उघडा केला. नुसती वेगळी अक्षरे धरली तर पी, ए, एन, सी, एच, जी एवढी सहाच होतात आणि ‘अप्रोचिंग’, ‘चॅम्पियनिंग’ असे शब्द ओंजळभर मिळतात. पण स्पेलिंगमध्ये ‘ए’ तीन, ‘एन’ दोन आणि ‘जी’ दोन आहेत. ते सगळे मागायचे तर बिट पुरत नाहीत.

यासाठी एक देखणी युक्ती आहे. बिटांऐवजी मूळ संख्या द्यायच्या : ‘ए’ला २, ‘बी’ला ३, ‘सी’ला ५, आणि शेवटी ‘झेड’ला १०१. शब्दातील सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा. पंचगंगेचा गुणाकार २१,५२,४०,६१,०८० येतो, आणि ज्या शब्दाच्या गुणाकाराला या संख्येने नि:शेष भाग जातो त्यात पंचगंगेची सर्व अक्षरे, हव्या तितक्या वेळा, असतातच. अवयव पाडण्याची रीत एकमेव असते, हे गणिताच्या तासाला शिकवलेले तत्त्व येथे इंग्रजीच्या कामी येते. मात्र लांब शब्दांचे गुणाकार अवाढव्य होतात. १७ अक्षरांच्या एका शब्दाचा गुणाकार २४ अंकी आला, आणि ६४ बिटांच्या नेहमीच्या पूर्णांकात तो मावत नाही. पायथन मोठ्या संख्या आपोआप सांभाळतो म्हणून अडले नाही. तरीही शेवटी मी साधी मोजणीच ठेवली. भाग जातो की नाही एवढेच पाहिले तर पुन्हा नुसते हो-नाही कळते. प्रत्येक अक्षर किती हवे, किती आहे, असे २६ आकडे ताडून पाहिले तर कोणते अक्षर कितीने कमी ते थेट मिळते.

तो २४ अंकी गुणाकाराचा शब्द होता ‘लॅरिंगोफॅरिंजिअल’. स्वरयंत्र आणि घसा यांच्याशी संबंधित. तीन ‘ए’, दोन ‘एन’, दोन ‘जी’, एक ‘पी’, एक ‘एच’; नाही तो फक्त ‘सी’. त्याच अवयवांच्या शस्त्रक्रियेचे नाव ‘लॅरिंगोफॅरिंजेक्टमी’ २० अक्षरांचे आहे. त्यात ‘सी’ येतो, पण शेवटचे पद बदलल्यामुळे तिसरा ‘ए’ जातो. एकाला देऊन दुसऱ्याचे काढून घेतल्यासारखा हा प्रकार दोनदा तपासला. पंचगंगेपुढे हे दोन्ही शब्द एकाखाली एक लिहायचे आणि उणे अक्षर लाल रंगाने दाखवायचे.

५ जुलै

उरलेली नावे एका बैठकीत उरकली. यातली बरीचशी सोपी निघाली. पन्हाळ्याला तीन ‘ए’ लागतात : ‘अल्फान्यूमेरिक’ दोनवर थांबतो, ‘अल्फान्यूमेरिकल’ला तिसरा मिळतो, आणि क्रियाविशेषण केले की लांबी १६ वर जाते. रंकाळ्यालाही तीन ‘ए’ आणि वर ‘के’. तेथे ‘फार्माकोकिनेटिकली’ पूर्ण उतरतो, म्हणजे कोल्हापूरला एका अक्षराने हुकलेला शब्द रंकाळ्यावर जमला. चप्पलला दोन ‘पी’ आणि दोन ‘ए’ हवेत : ‘अप्रोचेबल’, आणि नकारार्थी भाववाचक केल्यास ‘अनअप्रोचेबिलिटी’, १७ अक्षरे. शिरोळला ‘स्कॉलरशिप’, त्यावर मुले खूश. आजऱ्याच्या इंग्रजी पाट्यांवर कुठे दोन ‘ए’ दिसतात, कुठे तीन. जास्तीचा हिशेब धरला तरी ‘मेजॉरिटेरियनिझम’मध्ये तीनही ‘ए’, ‘जे’ आणि ‘आर’ मिळतात.

राधानगरीला चार ‘ए’ लागतात. ती पुढच्या सत्रात.

९ जुलै

नववीतील एका मुलीने कोल्हापूरसाठी स्वतःचा शब्द आणला : ‘प्लाउमार्क’. तिचे वडील शिरोळकडे शेती करतात. नांगराच्या ‘प्लाउ’पासून तिने सुरुवात केली, ‘के’ हवा म्हणून ‘मार्क’ जोडला आणि अक्षरे मोजली. पी, एल, ओ, यू, जी, एच, एम, ए, आर, के. दहा अक्षरे, दहाही वेगळी, कोल्हापूरची आठही हजर, जादा फक्त ‘जी’ आणि ‘एम’. इतके आटोपशीर उत्तर माझ्या प्रोग्रामने दिले नव्हते, कारण माझ्या यादीत हा शब्दच नव्हता.

शब्द तिने चिकटवून केला असला तरी तो अस्तित्वात आहे. हिमनगांचे तळ समुद्राच्या बुडाला घासून जे चर पडतात त्यांना सागरी भूशास्त्रात हेच नाव आहे, आणि ते जोडूनही लिहितात. अमेरिकन स्पेलिंगात नांगराचे ‘यूजीएच’ जाऊन ‘डब्ल्यू’ येतो, म्हणजे ‘एच’ आणि ‘यू’ दोन्ही जातात. हा शब्द ब्रिटिश स्पेलिंगातच कोल्हापूरचा आहे. ‘के’चे गणितही तिने बरोबर सोडवले : दोन्ही पदे घरच्या, जर्मानिक कोठारातली. त्या कोठारात आठांचे उत्तर नसेल, असे मी १९ जूनच्या नोंदीनंतर धरून चाललो होतो. छापील कोशाच्या अटीवर वर्गात बराच वाद झाला. शास्त्रीय लेखनात छापलेला शब्द मान्य करावा असे ठरले आणि अट तशी सुधारली. भित्तिपत्रकावर ‘आठपैकी आठ’ या रकान्यात तिचा शब्द लावला.

१४ जुलै

इचलकरंजी. आय, सी, एच, ए, एल, के, आर, एन, जे : नऊ वेगळी अक्षरे, आणि ‘के’च्या जोडीला ‘जे’. इंग्रजी मजकुरात ‘जे’चे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, म्हणून प्रोग्रामची पहिली चाळणी या वेळी ‘जे’ची केली. वैद्यकीय यादीचा येथे उपयोग नाही. ‘जे’ आणि ‘के’ एकत्र येतात ते बहुधा ‘जॅक’ या पदात. ‘जॅकहॅमर’ने नऊपैकी सहा दिली. एका मुलाने ‘हायजॅकिंग’ आणला, त्यात सात आहेत, ‘एल’ आणि ‘आर’ नाहीत. त्याच्या शेजाऱ्याने तेवढीच दोन अक्षरे आणणारे पद शोधायला सुरुवात केली आणि तासाच्या शेवटी ‘लंबरजॅकिंग’वर आला : १३ अक्षरे, नऊपैकी आठ, फक्त ‘एच’ बाहेर. आपल्या कोशात ‘लंबरजॅक’ आहे, पुढचे रूप दिलेले नाही. ते छापील दाखवता येईपर्यंत पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, आणि ग्रंथालयातील मोठा कोश पाहून येण्याचे काम त्या दोघांकडेच दिले आहे.